लिनक्सवर स्क्रीनची सेटिंग कोणत्या फाइलमध्ये असते?

लिनक्स संगणकावर स्क्रीनचे रिझोल्यूशन, दोन मॉनिटरची डावी-उजवी मांडणी, स्क्रीन आडवी की उभी, मुख्य मॉनिटर कोणता, या गोष्टी सहसा संपूर्ण संगणकासाठी एकदाच ठरत नाहीत. त्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळ्या साठवल्या जातात. एकाच संगणकावर घरातील दोघांची खाती असतील, तर एकाने फिरवलेली स्क्रीन दुसऱ्याच्या खात्यात सरळच दिसते.

एरवी या फाइलशी कोणाचा संबंध येत नाही. सेटिंग्जच्या खिडकीतून काम होते. पण चुकीचे रिझोल्यूशन निवडले आणि लॉगिन केल्यावर स्क्रीन काळीच राहिली, तर ती खिडकीच दिसत नाही. अशा वेळी पूर्ण सिस्टीम पुन्हा टाकण्याची गरज नसते. बहुतेकदा एका लहान फाइलचे नाव बदलणे पुरेसे असते, मात्र ती फाइल कुठे आहे हे माहीत हवे.

(या लेखात फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीत, बहुधा लहान अक्षरांत असतात. सुरुवातीचे ~ हे चिन्ह वापरकर्त्याच्या होम फोल्डरसाठी आहे.)

लपलेले फोल्डर

होम फोल्डर उघडल्यावर डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स असे फोल्डर दिसतात. सेटिंगच्या फाइली दिसत नाहीत. कारण ज्या नावाची सुरुवात टिंबाने होते, ते नाव लिनक्स लपवते. ही पद्धत युनिक्सच्या सुरुवातीच्या काळापासून आहे. युनिक्सच्या घडणीत सहभागी असलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिले होते की ही सोय कोणी ठरवून केलेली नव्हती. फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' या आज्ञेतून '.' आणि '..' या दोन नोंदी वगळायच्या होत्या. त्यासाठी फक्त पहिले अक्षर टिंब आहे का, एवढेच तपासले गेले. परिणामी टिंबाने सुरू होणारी सगळीच नावे लपू लागली आणि कार्यक्रम आपल्या सेटिंग तिथे ठेवू लागले.

फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबली की लपलेले फोल्डर दिसतात. टर्मिनलमध्ये 'एलएस -ए' ही आज्ञा तेच काम करते.

पूर्वी प्रत्येक कार्यक्रम होम फोल्डरमध्ये स्वतःची टिंबवाली फाइल टाकत असे. हा पसारा आवरण्यासाठी फ्रीडेस्कटॉप डॉट ऑर्ग या प्रकल्पाने 'एक्सडीजी बेस डिरेक्टरी' नावाचा संकेत तयार केला. त्यातील तीन जागा इथे महत्त्वाच्या आहेत:

• ~/.कॉन्फिग – वापरकर्त्याच्या सेटिंग
• ~/.लोकल/शेअर – वापरकर्त्याच्या कार्यक्रमांचा डेटा
• /ईटीसी/एक्सडीजी – सगळ्या वापरकर्त्यांसाठीच्या मूळ सेटिंग

वापरकर्त्याची फाइल असेल तर ती आधी मानली जाते. नसेल तर संपूर्ण सिस्टीमसाठीची.

आधी डेस्कटॉप ओळखा

उबुंटू, फेडोरा, डेबियन ही वितरणांची नावे आहेत. स्क्रीनची फाइल लिहिण्याचे काम वितरण करत नाही. ते डेस्कटॉप करतो. एकाच डेबियनवर ग्नोम, केडीई प्लाझ्मा किंवा एक्सएफसीई यांपैकी काहीही असू शकते, आणि प्रत्येकाची फाइल वेगळी. म्हणून 'उबुंटूमध्ये ही फाइल कुठे असते?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

आपला डेस्कटॉप कोणता हे सेटिंग्जमधील 'माहिती' या भागात दिसते. टर्मिनलमध्ये 'एक्सडीजी_करंट_डेस्कटॉप' या चलाची किंमत पाहूनही ते कळते (या चलाचे नाव मोठ्या रोमन अक्षरांत लिहावे लागते). 'एक्सडीजी_सेशन_टाइप' हे चल चालू सत्र जुन्या एक्स-११ पद्धतीचे आहे की नव्या वेलँड पद्धतीचे, ते सांगते. काही डेस्कटॉपमध्ये यावरूनही फाइल बदलते.

कोणाची फाइल कुठे?

ग्नोम: ~/.कॉन्फिग/मॉनिटर्स.एक्सएमएल. ही फाइल ग्नोमचा 'मटर' हा विंडो मॅनेजर लिहितो.

माटे: याही डेस्कटॉपची फाइल त्याच जागी, त्याच नावाची असते.

सिनॅमन (लिनक्स मिंटचा मुख्य डेस्कटॉप): नव्या आवृत्त्यांत ~/.कॉन्फिग/सिनॅमन-मॉनिटर्स.एक्सएमएल.

केडीई प्लाझ्मा: प्लाझ्मा ५ मध्ये ~/.लोकल/शेअर/केस्क्रीन हा फोल्डर. त्यातील फाइलींची नावे अक्षरे आणि आकडे यांची लांबलचक सरमिसळ असतात, कारण ती जोडलेल्या मॉनिटरच्या ओळखीवरून तयार होतात. २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ मध्ये वेलँड सत्रासाठी ~/.कॉन्फिग/केविनआउटपुटकॉन्फिग.जेसन ही एकच फाइल असते.

एक्सएफसीई: ~/.कॉन्फिग/एक्सएफसीई४/एक्सएफकॉन्फ/एक्सएफसीई-परचॅनल-एक्सएमएल या फोल्डरमधील डिस्प्लेज.एक्सएमएल.

स्वे: ~/.कॉन्फिग/स्वे/कॉन्फिग. ही फाइल वापरकर्ता स्वतः लिहितो. सेटिंग्जची खिडकी इथे नसतेच.

वेगळाच डेस्कटॉप असेल तर एक सोपी युक्ती आहे. स्क्रीनची एखादी सेटिंग बदलावी, ती कायम करावी आणि लगेच '.कॉन्फिग' व '.लोकल/शेअर' या फोल्डरांत अलीकडे बदललेल्या फाइली पाहाव्यात. टर्मिनलमधील 'फाइंड' या आज्ञेला '-एममिन -२' हा पर्याय दिला की गेल्या २ मिनिटांत बदललेल्या फाइलींची यादी मिळते. त्यातच हवी ती फाइल असते.

फाइलच्या आत काय असते?

ग्नोमची फाइल साध्या मजकुराची असते आणि कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. तिच्यात मॉनिटरच्या प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र भाग असतो: फक्त लॅपटॉपची स्क्रीन, लॅपटॉप अधिक ऑफिसचा मॉनिटर, लॅपटॉप अधिक प्रोजेक्टर. म्हणून प्रोजेक्टरची वायर काढली की आधीची मांडणी आपोआप परत येते.

मॉनिटर ओळखण्यासाठी चार गोष्टी नोंदलेल्या असतात: पोर्टचे नाव, कंपनीचा संकेत, मॉडेल आणि अनुक्रमांक. पोर्टचे नाव सोडले तर ही माहिती मॉनिटर स्वतःच संगणकाला पुरवतो. कंपनीचा संकेत तीन अक्षरांचा असतो. एलजीच्या मॉनिटरसाठी 'जीएसएम' हा संकेत दिसतो, कारण तो कंपनीच्या 'गोल्डस्टार' या जुन्या नावावरून आला आहे. पोर्टही ओळखीचा भाग असल्यामुळे तोच मॉनिटर दुसऱ्या पोर्टला जोडला, की अनेकदा मांडणी नव्याने करावी लागते.

स्क्रीनशी संबंधित सगळेच या फाइलीत नसते. ग्नोममध्ये अक्षरांचा आकार आणि रात्रीचा पिवळसर प्रकाश या सेटिंग ~/.कॉन्फिग/डीकॉन्फ/यूजर या फाइलीत जातात. ती साध्या एडिटरमध्ये वाचता येत नाही. लॅपटॉपच्या स्क्रीनची प्रखरता तर वापरकर्त्याकडे नसतेच: सिस्टमडी वापरणाऱ्या वितरणांत ती बंद होताना /व्हीएआर/लिब/सिस्टमडी/बॅकलाइट इथे संपूर्ण संगणकासाठी नोंदवली जाते.

लॉगिनची स्क्रीन वेगळी का दिसते?

खात्यात शिरल्यावर सगळे ठीक दिसते, पण लॉगिनची स्क्रीन मात्र आडवी पडलेली किंवा चुकीच्या मॉनिटरवर येते, ही नेहमीची तक्रार आहे. त्यामागचे कारणही 'प्रत्येक वापरकर्त्याची फाइल वेगळी' हेच आहे. लॉगिनची स्क्रीन दाखवणारा कार्यक्रम स्वतःच्या खात्यातून चालतो. कोणी लॉगिन करण्याआधी तो कोणाचे होम फोल्डर वाचणार?

ग्नोमच्या अनेक आवृत्त्यांत या खात्याची फाइल डेबियन व उबुंटूवर /व्हीएआर/लिब/जीडीएम३/.कॉन्फिग इथे आणि फेडोरावर /व्हीएआर/लिब/जीडीएम/.कॉन्फिग इथे ठेवली जाते. आपली मॉनिटर्स.एक्सएमएल प्रशासकाच्या अधिकाराने तिथे नकलून ठेवली की लॉगिनची स्क्रीनही तशीच दिसते. नव्या आवृत्त्या /ईटीसी/एक्सडीजी/मॉनिटर्स.एक्सएमएल हीही फाइल वाचतात. प्लाझ्मामध्ये सिस्टीम सेटिंग्जच्या लॉगिन स्क्रीन विभागात प्लाझ्माच्या सेटिंग लॉगिनला लागू करण्याचे बटण असते.

स्क्रीन काळी पडली तर

सेटिंग बदलल्यावर 'हे ठेवायचे का?' असे डेस्कटॉप विचारतो आणि उत्तर मिळाले नाही तर काही सेकंदांत जुनी मांडणी परत आणतो. म्हणून आधी थोडे थांबावे. तरीही स्क्रीन आली नाही तर:

१. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही बटणे एकत्र दाबावीत. चित्रांशिवाय, फक्त अक्षरांचा पडदा येतो.
२. आपले वापरकर्ता नाव आणि पासवर्ड टाकावा. टाइप करताना पासवर्ड दिसत नाही.
३. 'एमव्ही' या आज्ञेने वर दिलेल्या फाइलचे नाव बदलावे; शेवटी 'जुनी' या अर्थाचा एखादा शब्द जोडावा. फाइल पुसू नये.
४. संगणक पुन्हा सुरू करावा.

फाइल सापडली नाही की डेस्कटॉप मॉनिटरने सुचवलेले रिझोल्यूशन घेतो आणि पुढे सेटिंग बदलल्यावर नवी फाइल लिहितो. कागदपत्रे, फोटो किंवा इतर सेटिंग यांना धक्का लागत नाही.

दोष नक्की कुठे आहे हे ओळखायलाही हीच रचना उपयोगी पडते. संगणकावर एक नवे खाते उघडून त्यातून लॉगिन करावे. तिथे स्क्रीन नीट दिसली तर दोष जुन्या खात्याच्या फाइलीत आहे. तिथेही बिघाड दिसला तर केबल, मॉनिटर, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा /ईटीसी/एक्स११ मधील सिस्टीमची सेटिंग तपासावी.

फाइल हाताने बदलताना

• आधी प्रत काढून ठेवावी.
• एक्सएफसीई किंवा प्लाझ्मा चालू असताना केलेला बदल टिकेलच असे नाही. डेस्कटॉप आपल्याजवळची जुनी माहिती पुन्हा लिहू शकतो. लॉगआउट करून अक्षरांच्या पडद्यावरून बदल करावा.
• होम फोल्डरमधील फाइलसाठी 'सुडो' वापरू नये. फाइल किंवा फोल्डर प्रशासकाच्या मालकीचा झाला, तर डेस्कटॉपला पुढे तिथे लिहिता येईनासे होऊ शकते आणि प्रत्येक लॉगिनला सेटिंग विसरल्यासारखी वाटते.
• नव्या संगणकावर जाताना '.कॉन्फिग' फोल्डर नकलला तर मॉनिटरची फाइलही सोबत जाते. तिथले मॉनिटर वेगळे असतील तर तिच्यातील नोंदी जुळत नाहीत आणि त्या नुसत्या पडून राहतात.