गजालींचे पान : मराठी ऑनलाइन कट्ट्यांची कुळकथा

ऑनलाइन कट्ट्यावर माणसे विषयामुळे जमतात, ओळख नंतर होते. जुनी गाणी, गडकिल्ले, पाककृती किंवा मालवणी बोली असा एखादा विषय धरून एकमेकांना कधी न भेटलेले लोक लिहीत राहतात आणि त्या लिखाणाचा साठा होत जातो. मराठी माणसांच्या अशा कट्ट्यांचे मूळ 1990च्या दशकातील यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर सापडते. ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा गट गप्पांसाठी होता, तर ‘रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क’ गाण्यांच्या वेड्यांचा. लिहिणारे बहुतेक परदेशात शिकणारे किंवा संगणकाच्या नोकरीतले. लिपी रोमन. गाण्यांचे शब्द अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स पद्धतीने उतरवून घेतले जात आणि त्यातूनच चाहत्यांनी मोठा गीतसंग्रह उभा केला.

1996मध्ये अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत ‘मायबोली’ सुरू केली आणि मराठी कट्ट्याला स्वतःचे घर मिळाले. युनिकोड रुळलेले नव्हते. प्रत्येक संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा, तो नसला तर पडद्यावर नुसते चौकोन दिसत. मायबोलीच्या ‘हितगुज’ विभागात रोमन अक्षरांत टंकलेला मजकूर ठरावीक खुणांमध्ये ठेवला की पानावर देवनागरी उमटे. एवढा खटाटोप करून लोक लिहीत, कारण घरापासून लांब मराठीत बोलायला दुसरी जागा नव्हती. हितगुजचा दिवाळी अंकही याच हौसेतून निघू लागला.

या कट्ट्यांनी स्वतःचे रिवाज घडवले. माणूस त्याच्या ‘आयडी’ने ओळखला जाई, चर्चेला ‘धागा’ म्हणत, खाजगी निरोपाला ‘व्यनि’. मायबोलीकर प्रत्यक्ष भेटत त्याला ‘गटग’ हे नाव पडले आणि पावसाळ्यातला वर्षाविहार ‘ववि’ झाला. ‘वाहते पान’ हा तर खास प्रकार. त्यावर ठरावीक संख्येइतकेच ताजे प्रतिसाद राहत; नवा आला की सर्वांत जुना गळून जाई. जपून ठेवायचे लेखन एकीकडे आणि नाक्यावरच्या गप्पा दुसरीकडे, ही विभागणी फार शहाणपणाची होती.

मायबोलीवर गावांची आणि प्रदेशांचीही पाने होती. कोकणाच्या पानांवर मालवणीत गजाली, म्हणजे गप्पा, रंगत. त्याचे मोल सिंधुदुर्गाबाहेरच्या वाचकाला चटकन कळणार नाही. कणकवली-मालवणच्या मुलांना ही बोली घरात, बाजारात, एसटी स्टँडवर मिळे, शाळेच्या पुस्तकात मात्र नाही. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ 1980मध्ये मच्छिंद्र कांबळी यांनी रंगभूमीवर आणले आणि मालवणी राज्यभर ऐकू गेली. पण ती ऐकण्याची बोली होती, रोज लिहिण्याची नव्हती. ‘खय’ (कुठे), ‘आसा’ (आहे), ‘झिल’ (मुलगा), ‘चेडू’ (मुलगी) हे शब्द टंकताना अनुस्वार कुठे द्यावा, स्वर ऱ्हस्व की दीर्घ, हे लिहिणाऱ्यांनी एकमेकांचे वाचतच ठरवले. मुंबईचा चाकरमानी आणि परदेशातला इंजिनीअर कणकवलीच्या बोलीत एकमेकांशी लेखी बोलू लागले, ही लहान गोष्ट नव्हे.

2004मध्ये महेश वेलणकर यांचे ‘मनोगत’ हे संकेतस्थळ आले. त्यात शुद्धलेखन तपासण्याची सोय होती. 2007मध्ये ‘उपक्रम’ आणि तात्या अभ्यंकरांचे ‘मिसळपाव’ सुरू झाले. ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’मुळे साध्या कळफलकावर देवनागरी लिहिणे सोपे झाले. तोवर कणकवलीसारख्या तालुक्याच्या गावीही एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग आणि तासाच्या दराने चालणारे सायबर कॅफे पोहोचले होते, त्यामुळे गावात राहणारेही वाचू-लिहू लागले. तेवढ्यात ऑर्कुटच्या कम्युनिटींनी प्रत्येक आवडीसाठी एका क्लिकवर कट्टा देऊ केला. ते सोपेपण महाग पडले: 30 सप्टेंबर 2014 रोजी ऑर्कुट बंद झाले आणि तिथल्या चर्चांना हक्काचे घर उरले नाही.

पुढे या कट्ट्यांना ओहोटी लागली, पण तिचे कारण मराठीचा कंटाळा हे नाही. आधी फेसबुक आणि मग व्हॉट्सअ‍ॅप आले, 2016नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि मराठीत टंकणाऱ्यांची संख्या उलट वाढली. बदलला तो जमण्याचा पाया. व्हॉट्सअ‍ॅपचा गट ओळखीवर, फोन नंबरावर उभा असतो. अनोळखी जाणकाराला तिथे वाट नाही. फेसबुकवर काय दिसावे हे संगणक ठरवतो, त्यामुळे चार वर्षांपूर्वीच्या धाग्यावर नवा प्रतिसाद येऊन तो पुन्हा वर येणे जवळपास थांबले. संकेतस्थळांचा खर्च आणि संपादनाचे काम मात्र मोजक्या स्वयंसेवकांवरच राहिले.

सिंधुदुर्गात हा फरक दशावतार या लोकनाट्याच्या रसिकांमध्ये स्पष्ट दिसतो. कार्तिकातल्या जत्रांपासून पुढे हंगामभर ‘आज नाटक खय आसा?’ याचे उत्तर मोबाइलवर फिरणाऱ्या यादीत मिळते: मोचेमाडकर मंडळ या गावी, पार्सेकर मंडळ त्या गावी. नाटक गाठण्यासाठी यासारखी सोय नाही. पण कोणत्या कलाकाराने कोणते आख्यान कसे रंगवले, संवाद कसा फिरवला, यावर रात्री जागून आलेल्यांनी केलेली चर्चा दुसऱ्या दिवशीच्या यादीखाली गाडली जाते. दशावताराचे संवाद कलाकार बहुतांशी आयत्या वेळी रचतात, संहिता छापलेली नसते; म्हणून जाणकार प्रेक्षकाची लेखी टिपणे हाच त्या प्रयोगाचा मोठा पुरावा ठरला असता.

जुन्या कट्ट्यांपैकी यूजनेटवरचे नवे लेखन गूगलने फेब्रुवारी 2024पासून आपल्या सेवेतून थांबवले, जुने मात्र शोधता येते. मायबोली आणि मिसळपाव चालू आहेत, आणि तिथले पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे अनेक धागे आजही वाचता येतात.