चार्ल्सटनची बंद झालेली शाळा

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, अ‍ॅश्ली आणि कूपर या दोन नद्यांमधील चिंचोळ्या भूभागावर चार्ल्सटन हे बंदर वसले आहे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांची मुले त्या देशात स्थायिक झाली आहेत. त्यांना भेटायला जाणारे आईवडील न्यूयॉर्क आणि नायगारा पाहून परततात. आम्हीही तेच करणार होतो. परंतु ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या कुटुंबाने आग्रहाने दक्षिणेकडे नेले, आणि सेमिनरीत ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला दोन वाक्यांत आटोपलेले एक प्रकरण तेथे चालता चालता आमच्यासमोर उलगडत गेले.

शहर देखणे आहे, यात वाद नाही. ईस्ट बे रस्त्यावर फिक्या गुलाबी, पिवळ्या, निळ्या रंगांच्या जुन्या घरांची रांग आहे. येथील घरे रस्त्याकडे अरुंद बाजू करून उभी असतात आणि एका अंगाला त्यांना लांबच लांब व्हरांडा असतो. येथला उन्हाळा वसईकराला घरचाच वाटावा इतका दमट, म्हणून ही वाऱ्याची सोय. अनेक भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतात. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपानंतर खचलेल्या भिंती आवळून धरण्यासाठी आरपार घातलेल्या सळयांची ती टोके आहेत. बंदरातील फोर्ट सम्टर किल्ल्यावर बोटीने जाता येते. १२ एप्रिल १८६१ रोजी त्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकन यादवी युद्धाला तोंड फुटले. पर्यटकांना एवढे बहुधा पुरते.

चर्चच्या मनोऱ्यांमुळे या गावाला ‘पवित्र नगरी’ म्हणतात. गंमत अशी की १६७० साली इंग्रजांनी वसवलेल्या या नगरीत १६९७ च्या कायद्याने सर्व ख्रिस्ती पंथांना धर्मस्वातंत्र्य दिले गेले. त्यातून वगळले ते फक्त आपल्याला, कॅथोलिकांना. पूर्ण मोकळीक १७९० च्या राज्यघटनेने मिळाली. हेझल स्ट्रीटवरील सेंट मेरी चर्च ही १७८९ ची धर्मसभा. आजची इमारत १८३९ ची. रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, यहुदी लोकांचे सभास्थान आहे. १८३८ च्या आगीत दोन्ही मंदिरे भस्मसात झाली आणि दोन्ही पुन्हा उभी राहिली. त्या अरुंद रस्त्यात आम्ही बराच वेळ उभे होतो.

१८२० च्या अखेरीस आयर्लंडमधील कॉर्कचे जॉन इंग्लंड पहिले बिशप म्हणून येथे उतरले. दोन कॅरोलिना आणि जॉर्जिया एवढा त्यांचा अफाट धर्मप्रांत. १८२२ मध्ये त्यांनी कॅथोलिकांचे साप्ताहिक काढले. त्या देशातील आपल्या वृत्तपत्रांचा आरंभ त्यातूनच झाला. १८२६ मध्ये त्यांनी अमेरिकन काँग्रेसपुढे भाषण केले. आणि १८३५ साली त्यांनी दास्यातून मुक्त असलेल्या काळ्या मुलांसाठी शाळा उघडली. गुलामाला अक्षर शिकवणे हा त्या राज्यात आदल्याच वर्षी गुन्हा ठरला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या पावलाचे मोल कळते.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये उत्तरेकडून टपालाने गुलामगिरीविरोधी पत्रके आली. जमावाने टपाल कचेरी फोडून ती पळवली आणि जाळली. ही कचेरी ज्या ‘एक्स्चेंज’ इमारतीत होती ती आजही पाहता येते. तिच्याच बाजूला माणसांचे लिलाव होत. मग जमावाचा रोख शाळेकडे वळला आणि बिशपांनी ती बंद केली.

जमाव दाराशी आला असता आम्ही काय केले असते, हे छातीठोकपणे सांगवत नाही. परंतु पुढचे पान अधिक बोचते. पोप ग्रेगरी सोळावे यांनी ३ डिसेंबर १८३९ रोजी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे प्रेषितीय पत्र काढले. कॅथोलिक आता गुलामगिरी मोडायला निघाले, असा राजकीय गवगवा झाला. तेव्हा बिशप इंग्लंड यांनी परराष्ट्रमंत्री जॉन फोरसिथ यांना उद्देशून आपल्या साप्ताहिकातून पत्रे लिहिली आणि पोपमहोदयांचा निषेध व्यापाराला आहे, घरोघरच्या दास्याला नव्हे, असे प्रतिपादन केले. आपण स्वतः दास्याचे समर्थक नाही, पण ते आता मोडणे अशक्य आहे, असेही त्यांनी लिहिले. १८४२ मध्ये ते निवर्तले. पुढे येथे बिशप झालेले पॅट्रिक लिंच यांच्या मालकीचे तर सुमारे ९५ गुलाम होते, आणि १८६४ मध्ये ते दक्षिणेच्या बंडखोर सरकारचे वकील म्हणून रोमला गेले. पायस नववे यांनी त्यांची भेट घेतली ती बिशप म्हणून, वकील म्हणून नव्हे. पोर्तुगीज अमदानीत आपल्या वसई-गोव्यातही गुलाम राबत होते, म्हणून आम्ही हे दुसऱ्याचे पाप म्हणून सांगत नाही.

डिसेंबर १८६१ च्या आगीत जुने कॅथिड्रल जळाले. ब्रॉड स्ट्रीटवरील आजचे कॅथिड्रल १९०७ मध्ये पूर्ण झाले, पण त्याच्या मनोऱ्याला शिखर चढले ते २०१० मध्ये. आत रंगीत काचांतून उतरणारा प्रकाश फार शांत आहे.

कूपर नदीकाठचा गॅड्सडेन धक्का मात्र चुकवू नये. १८०८ मध्ये गुलामांची आयात बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत सुमारे ४०,००० आफ्रिकी माणसे या बंदरात उतरवली गेली, त्यांतील फार मोठा भाग या धक्क्यावर. जून २०२३ मध्ये तेथे त्यांच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. सारी इमारत खांबांवर तोलली आहे. खालची भूमी मोकळी ठेवली आहे, कारण तीच स्मारक. चालमर्स स्ट्रीटवर लिलावाची जुनी पेढीही आहे. रस्त्यावरचे लिलाव १८५६ मध्ये बंद झाले, ते आत गेले, एवढाच फरक. आणि इमॅन्युएल चर्च, जेथे १७ जून २०१५ रोजी बायबल-अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. मृतांच्या काही आप्तांनी दोनच दिवसांनी न्यायालयात त्याला क्षमा केली. ते वाचून आलेल्या आम्हाला तेथे गुडघे टेकण्यापलीकडे काही सुचले नाही.

बाजारात गला समाजाच्या स्त्रिया गवताच्या टोपल्या विणत बसतात. ही वीण त्यांच्या पूर्वजांनी पश्चिम आफ्रिकेतून आणलेली आहे. एक लहानशी टोपली घेतली. किंमत ऐकून घासाघीस करावीशी वाटली, पण धीर झाला नाही. जुन्या भिंतींतल्या काही विटांवर त्या थापणाऱ्या गुलामांच्या बोटांचे ठसे उमटलेले आहेत, त्यांत मुलांचीही बोटे आहेत. वाटाड्याने एक वीट दाखवली. १८३५ च्या त्या शाळेची खूण मात्र आम्हाला कोठे दिसली नाही.