पोपट, ब्रिटनमधील

इंग्लंडच्या आग्नेय भागात, विशेषतः लंडन आणि त्याच्या आसपासच्या परगण्यांत मोकळेपणी राहणारा व वीण करणारा हिरवा पोपट. आपल्याकडे राघू किंवा कीर म्हणतात तोच हा. शास्त्रीय नाव सिटॅक्युला क्रामेरी. ब्रिटनमधली त्याची वस्ती पिंजऱ्यातून सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या पक्ष्यांपासून वाढली. ब्रिटिश पक्ष्यांच्या अधिकृत यादीत त्याला 1983 साली स्थान मिळाले. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी व इतर संस्थांच्या 2020 मधील अंदाजानुसार तेथे सुमारे 12,000 जोड्या वीण करतात.

लांबी सुमारे 40 सेंमी. त्यात निम्म्याहून जास्त शेपटीच. चोच लाल. काळा-गुलाबी कंठ फक्त प्रौढ नराला असतो आणि तो उमटायला सुमारे तीन वर्षे लागतात.

हा पोपट ब्रिटनमध्ये आला कसा, याच्या दंतकथा लंडनमध्ये फार लोकप्रिय आहेत. 1951 च्या ‘द आफ्रिकन क्वीन’ या चित्रपटाच्या चित्रीकरणातून पक्षी निसटले, असे एक जण सांगतो. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने जोडी उडवून दिली, असे दुसरा. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी जुन्या नोंदींच्या ठिकाणांचे विश्लेषण करून 2019 मध्ये या कथांना आधार नसल्याचे दाखवले. मोकळ्या पोपटांनी ब्रिटनमध्ये वीण केल्याची नोंद नॉरफकमधून 1855 सालचीच आहे. सलग वस्ती मात्र केंटमधील 1969 च्या विणीपासून धरतात. पोपटांपासून माणसाला होणाऱ्या तापाच्या बातम्या 1929 ते 1931 या काळात आणि पुन्हा 1952 मध्ये गाजल्या, तेव्हा घाबरलेल्या लोकांनी पाळीव पक्षी सोडून दिले असावेत, असे या संशोधकांना वाटते. दंतकथांपेक्षा हे कारण अधिक पटते. एका कोणाच्या हातून नव्हे, तर असंख्य घरांच्या खिडक्यांतून ही वस्ती उभी राहिली.

उष्ण देशाचा पक्षी इंग्लंडच्या थंडीत टिकतो, याचे नवल वाटायला नको. जनुकीय अभ्यासानुसार युरोपातील पोपटांचे पूर्वज मुख्यतः पाकिस्तान व उत्तर भारतातले, म्हणजे या जातीच्या मूळ प्रदेशापैकी कडक हिवाळ्याच्या भागातले आहेत. शिवाय इंग्रजी घरांच्या बागांत टांगलेले दाणे-शेंगदाण्यांचे पिंजरे हिवाळाभर भरलेले असतात. फळे, कळ्या व बियाही तो खातो.

घरट्यासाठी त्याला झाडाची ढोली लागते. इतर पक्षी जागा शोधू लागण्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्येच तो ती बळकावतो. मादी तीन-चार अंडी घालते, सुमारे 23 दिवस उबवते आणि पिल्ले सहा-सात आठवड्यांनी उडतात. थंडीत संध्याकाळी हजारो पोपट ठरावीक झाडांवर रातथाऱ्याला जमतात. सरेमधील इशरच्या रग्बी मैदानाभोवतीची झाडे यासाठी एके काळी प्रसिद्ध होती. हौशी पक्षिनिरीक्षक अशा जागी उभे राहून परतणारे थवे मोजतात. देशभरातील कल 1994 पासून चालणाऱ्या विणीच्या पक्ष्यांच्या गणनेतून कळतो. तीत स्वयंसेवक ठरवून दिलेला एक चौरस किलोमीटरचा चौकोन दर वर्षी दोनदा पिंजून काढतात. कोणत्याही मोबदल्याशिवाय चाललेले हे काम मोलाचे आहे; ते नसते, तर पोपटाविषयीचा वाद नुसत्या तर्कांवर चालला असता.

वाद आहे तो उपद्रवाचा. ढोल्यांवरून त्याची स्पर्धा नटहॅच या ढोलीत घरटे करणाऱ्या लहान पक्ष्याशी होते. बेल्जियममध्ये त्याचा परिणाम दिसला; ब्रिटनमधील 2011 च्या अभ्यासात मात्र नटहॅचच्या एकूण संख्येवर ठळक परिणाम आढळला नाही. लंडनच्या बागांतील प्रयोगात पोपट जवळ असला की लहान पक्षी कमी खातात, असे दिसून आले. फळबागा व द्राक्षमळ्यांचेही नुकसान होते. तरीही सगळा दोष पक्ष्यावर ढकलणे अन्यायाचे आहे. त्याला समुद्रापार नेले ते पाळीव पक्ष्यांच्या व्यापाराने. रानातून पकडलेले पक्षी आणण्यावर युरोपीय संघाने 2005 मध्ये तात्पुरती व 2007 मध्ये कायमची बंदी घातली.

ब्रिटनमध्ये 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार हा पोपट मोकळा सोडणे गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये 2010 साली त्याचा सर्वसाधारण परवान्यात समावेश झाला. त्यानुसार पिकांचे गंभीर नुकसान टाळण्यासारख्या कारणांसाठी त्याला मारता येते. मूळच्या दक्षिण अमेरिकेतील माँक पोपटाची ब्रिटनमधील संख्या थोडी असल्याने सरकारने 2011 मध्ये त्याला हटवण्याची मोहीम घेतली. हिरव्या पोपटाच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. त्याचे थवे आज मँचेस्टर, बर्मिंगहॅम आणि थेट स्कॉटलंडमधील ग्लासगोपर्यंत दिसतात.