कारनुस्टीचा ओढा

गोल्फच्या खेळांत चेंडू अडविणारा प्रतिपक्षी नसतो. चेंडू जमिनीवर स्वस्थ पडलेला, खेळणारा त्याच्याजवळ उभा, आणि विचार करावयास सवड भरपूर. ही सवडच पुष्कळदां घात करते, व पाण्याच्या काठीं तर फारच. वाळूंत किंवा गवतांत गेलेला चेंडू पुन्हां मारतां येतो. पाण्यांत गेलेला बहुधा गेलाच, शिवाय दंडाचा एक फटका पदरीं येतो.

अमेरिकेंत फ्लॉरिडांतील सॉग्रास येथील सतरावा होल अवघा १३७ यार्डांचा. मैदान बांधतांना पीट डाय यांनीं तेथील वाळू उपसून इतरत्र वापरली. उरलेल्या खड्ड्यांत पाणी भरून मध्यें बेट ठेवावें, ही सूचना त्यांच्या पत्नी ॲलिस यांची. एवढ्या अंतरावर कसलेल्या खेळाडूचा नेम सहसा चुकत नाहीं. तरी १९९८ सालीं विजय दृष्टिपथांत असतां लेन मॅटिएसला येथें आठ फटके लागले. पण येथें निदान पर्याय नाहीं. पाणी ओलांडलेंच पाहिजे. पर्याय असतो तेथें दडपण अधिक, असें आम्हांस वाटतें.

स्कॉटलंडांतील कारनुस्टीच्या मैदानांत बॅरी बर्न नांवाचा ओढा शेवटच्या दोन होलांच्या वाटेंत वांकडातिकडा वाहतो. १८ जुलै १९९९ रोजीं ब्रिटिश ओपन स्पर्धेंत झाँ व्हान दे वेल्दे हा फ्रेंच खेळाडू तीन फटक्यांनीं पुढें राहून अठराव्या होलापाशीं आला. सहा फटके घेऊनहि तो जिंकला असता; १९०७ नंतर कोणा फ्रेंच माणसास हा मान मिळाला नव्हता. पहिला फटका भलतीकडे उजवीकडे गेला, पण पाण्यांतून वांचला. आतां ओढ्याच्या अलीकडे चेंडू हळूच ठेवावा, हें शहाणपण. त्यानें थेट हिरवळीकडेच मारला. चेंडू प्रेक्षकांच्या मंचावर आदळला, ओढ्याच्या दगडी भिंतीवरून उसळला आणि अलीकडच्या दाट गवतांत पडला. तेथून तिसऱ्या फटक्यास ओढ्यांत. जोडे-मोजे काढून, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून तो पाण्यांत उतरला, आणि बुडता चेंडू पाहून अखेर दंड स्वीकारता झाला. पांचवा फटका वाळूंत गेला.

लोक म्हणतात, त्याचा धीर सुटला. आम्हांस हें पटत नाहीं. पाणी भितऱ्यास मागें ओढतें, तसें मानी माणसास पुढें ढकलतें. दुसरा फटका भीतीचा नसून मानाचा होता. धीर सुटलेला माणूस सातव्या फटक्यास कांहीं फुटांवरून चेंडू होलांत घालता ना! त्या फटक्यानेंच बरोबरी साधली. पुढें चार होलांच्या निर्णायक फेरींत पॉल लॉरी जिंकला. शेवटच्या दिवशीं तो दहा फटके मागून निघाला होता.