वऱ्हाडातील संपन्नतेचे मोजमाप : जमिनीच्या प्रतवारीपासून भ्रमणध्वनीच्या नोंदींपर्यंत

घरोघर चौकशी न करता केवळ बाह्य खुणांवरून लोकांच्या सांपत्तिक स्थितीचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न नवा नव्हे. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रसचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि पुढील दशकात तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीनमोजणी झाली. विंगेट, गोल्डस्मिड व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या अहवालातील रीतीप्रमाणे मातीचा रंग, थराची खोली व दोष पाहून शेताची प्रत आण्यांत ठरे. आकाराचा दर ठरविताना बाजारपेठेचे अंतरही विचारात घेतले जाई. जमिनीच्या खुणांवरून खातेदाराची कुवत जोखली जाई. परंतु त्याच शेतातील कापूस वेचणाऱ्या भूमिहीन मजुराची त्या दप्तरात नोंदच नसे. १८६७ च्या वऱ्हाडातील खानेसुमारीत माणसे मोजली गेली, मिळकत नव्हे.

आज मातीची जागा भ्रमणध्वनीच्या नोंदींनी घेतली आहे. ब्लूमेनस्टॉक, कॅडामुरो व ऑन यांनी २०१५ साली रवांडाविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यांनी ८५६ ग्राहकांची दूरध्वनीवरून मुलाखत घेतली, त्यांच्या संभाषणांची संख्या, वेळ व संपर्कवर्तुळ यांचा त्यांच्या संपत्तीशी संबंध शोधला आणि त्यावरून सुमारे १५ लाख ग्राहकांच्या स्थितीचे अनुमान केले. टोगो देशात २०२० साली गरजूंना साहाय्य देण्यासाठी हीच पद्धती उपयोगात आली.

दिग्रससारख्या कापूसपट्ट्यात मात्र या पद्धतीस जपूनच हात घालावा लागेल. कापूस विकल्यानंतर हाती पैसा खेळतो, तर पेरणीच्या दिवसांत तो आटतो. एकाच महिन्याच्या नोंदी वर्षाची साक्ष देऊ शकत नाहीत. शिवाय यंत्र एक आणि वापरणारी माणसे चार, असे अनेक घरांत आढळते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरावयाचा भ्रमणध्वनी होता. उरलेल्या स्त्रिया, त्यांत शेतमजूर व विधवाही आल्या, स्वतंत्रपणे या नोंदींत दिसणार नाहीत. आणि साहाय्याची निकड बहुधा त्यांनाच अधिक असते.

सारांश, प्रत्येक मापन आपल्या दप्तरात शिरलेल्यांनाच मोजते. म्हणून नव्या पद्धतीची खरी कसोटी तिच्या गणिताच्या सूक्ष्मतेत नसून, तिच्यातून सुटलेल्यांना शोधण्यासाठी कोणी गावात प्रत्यक्ष जातो की नाही, यात आहे.