प्लॅनिंग पोकर

प्लॅनिंग पोकर : अजाइल (लहान टप्प्यांत, बदल सामावून घेत काम करण्याच्या) पद्धतीने सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या चमूने कामाच्या आकाराचा अंदाज एकत्रितपणे बांधण्याची, पत्त्यांवर आधारलेली रीत. काम करणाऱ्यांनीच अंदाज बांधावा आणि एकाच्या आकड्याची छाप दुसऱ्यावर पडू नये, ही तिची दोन मूलतत्त्वे.

उगम : अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनच्या डेल्फी पद्धतीत तज्ज्ञांची मते निनावी राखून अनेक फेऱ्यांत घेतली जात. १९७० च्या दशकात बॅरी बोम यांनी तीत चर्चेची भर घालून ‘वाइडबँड डेल्फी’ पुढे आणली. त्याच धर्तीवर २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी पत्त्यांची रीत मांडली. ‘अजाइल एस्टिमेटिंग अँड प्लॅनिंग’ (२००५) या माइक कोन यांच्या पुस्तकाने ती रूढ झाली.

कार्यपद्धती : प्रॉडक्ट ओनर (उत्पादनात काय हवे ते ठरवणारा) यूजर स्टोरी, म्हणजे वापरकर्त्याच्या दृष्टीने मांडलेली गरज, समजावून सांगतो व शंकांना उत्तरे देतो. प्रत्येक जण एक पत्ता निवडून पालथा ठेवतो. मग सर्व पत्ते एकदम उघडतात. आकड्यांत मोठी तफावत असल्यास सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा देणारे आपापली कारणे सांगतात आणि पुन्हा फेरी होते. ‘विसरलेला पासवर्ड बदलणे’ या कामाला एकाने ३ व दुसऱ्याने १३ दिले, तर एसएमएस सेवा जोडण्याचे काम पहिल्याच्या ध्यानात आले नव्हते, असे उघड होऊ शकते. एकमतापेक्षा ही तफावतच अधिक माहिती देते.

पत्ते : प्रचलित संचात ०, १/२, १, २, ३, ५, ८, १३, २०, ४० व १०० हे आकडे असतात. काम मोठे तितका अंदाज ढोबळ, म्हणून आकड्यांमधील अंतर वाढत जाते. प्रश्नचिन्ह म्हणजे ‘सांगता येत नाही’, तर कॉफीचा कप म्हणजे ‘थोडे थांबूया’.

उपयोग व मर्यादा : हे आकडे, म्हणजे स्टोरी पॉइंट, तास दर्शवत नाहीत, ते कामांचे तुलनात्मक आकारमान सांगतात. चमू दर स्प्रिंटला (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याला) सरासरी २० पॉइंटांचे काम पुरे करत असेल, तर १२० पॉइंटांच्या कामाला सुमारे ६ स्प्रिंट लागतील. या वेगावरून चमूंची तुलना होऊ लागली, की आकडे फुगवले जातात. स्टोरी पॉइंट बहुधा आपणच शोधले असावेत असे म्हणणारे रॉन जेफ्रीज यांनीही या पॉइंटांच्या अशा गैरवापरामुळे २०१९ मध्ये खेद व्यक्त केला.