ट्रेथवे, नताशा
समकालीन अमेरिकन कवयित्री, गद्यलेखिका आणि विद्यापीठातील अध्यापक. जन्म २६ एप्रिल १९६६. ‘नेटिव्ह गार्ड’ या संग्रहासाठी त्यांना २००७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि २०१२ ते २०१४ या काळात त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय राजकवी होत्या. इतिहासाने ज्यांची नोंद ठेवली नाही अशा माणसांची नोंद ठेवणे, हे काम त्यांनी कवितेवर सोपवले. या माणसांत गुलामगिरीतून सुटलेले सैनिक आहेत, घरकाम करणाऱ्या बायका आहेत आणि त्यांची स्वतःची आईही आहे.

त्यांचा जन्म मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावरील गल्फपोर्ट या गावी झाला. आई ग्वेंडोलिन कृष्णवर्णीय आणि तिथलीच. वडील एरिक ट्रेथवे गोरे, मूळचे कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातले. दोघांची ओळख केंटकीतील महाविद्यालयात झाली. गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींचा विवाह केंटकीत आणि मिसिसिपीत तेव्हा गुन्हा होता, म्हणून त्यांनी ओहायो राज्यात जाऊन लग्न केले. असे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द ठरवले. नताशा तोवर वर्षाच्या झाल्या होत्या. त्यांच्या जन्मदाखल्यावर आईचा वंश ‘कलर्ड’ असा नोंदला आहे आणि वडिलांचा ‘कॅनेडियन’. ज्या दिवशी त्या जन्मल्या तो मिसिसिपीत कॉन्फेडरेट सैन्यातील मृतांचा स्मृतिदिन होता आणि त्या प्रथेला त्याच वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्यांचा हा दिवस. हा योगायोग त्यांच्या लेखनात वारंवार येतो आणि तो यावा इतका बोलकाही आहे.

आईवडिलांचा घटस्फोट झाल्यावर, सहाव्या-सातव्या वर्षी, त्या आईबरोबर जॉर्जिया राज्यातील अटलांटाला गेल्या. आईने तिथे समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि दुसरे लग्न केले. हा संसार छळाचा ठरला. आईने त्यातून सुटका करून घेतली, पोलिसांकडे तक्रारी केल्या; तरीही ५ जून १९८५ रोजी या घटस्फोटित पतीने तिचा गोळी झाडून खून केला. नताशा तेव्हा १९ वर्षांच्या होत्या आणि जॉर्जिया विद्यापीठात शिकत होत्या. कविता लिहिण्याची गरज या मृत्यूनंतर निर्माण झाली, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. वडील स्वतः कवी होते आणि व्हर्जिनियातील हॉलिन्स येथे शिकवत. नताशा यांनी तिथेच एम.ए. केले आणि १९९५ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट शाखेतून काव्यलेखनाची एम.एफ.ए. पदवी घेतली.

‘डोमेस्टिक वर्क’ (२०००) हा त्यांचा पहिला संग्रह. कृष्णवर्णीय कवींच्या ‘केव्ह केनम’ या संस्थेने पहिल्या पुस्तकासाठी सुरू केलेल्या पारितोषिकाचा पहिला मान त्याला मिळाला आणि निवड कवयित्री रिटा डव्ह यांनी केली होती. धुणीभांडी, शिवणकाम, केशरचना, कारखान्यातली पाळी अशी कामे करत जगलेल्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय माणसांच्या, विशेषतः आजीच्या, आयुष्याच्या या कविता आहेत. जुने छायाचित्र पाहत पाहत चौकटीबाहेर काय असेल याचा शोध घेण्याची त्यांची रीत इथे सुरू झाली. ‘बेलॉक्स ओफिलिया’ (२००२) मध्ये ती पुस्तकभर वापरली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी छायाचित्रकार ई. जे. बेलॉक यांनी न्यू ऑर्लीन्समधील वेश्यावस्तीतल्या स्त्रियांची छायाचित्रे काढली होती. त्यांतल्या एका मिश्रवंशी स्त्रीला ट्रेथवे यांनी नाव दिले आणि तिची पत्रे व रोजनिशी लिहिली.

‘नेटिव्ह गार्ड’ (२००६) ही त्यांची सर्वांत महत्त्वाची कृती. यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढण्यासाठी उभारलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय पलटणींत लुइझियाना नेटिव्ह गार्ड्सची गणना होते. त्यातील एक तुकडी गल्फपोर्टसमोरच्या शिप आयलंडवर कॉन्फेडरेट कैद्यांवर पहारा देत होती. नताशा लहानपणापासून त्या बेटावर जात, पण या सैनिकांबद्दल त्यांना तिथे कोणी काही सांगितले नव्हते. बेटावरच्या किल्ल्यात कॉन्फेडरेट कैद्यांच्या नावांचा फलक होता. पहारेकऱ्यांच्या नावांचा नव्हता. संग्रहाच्या शीर्षक-कवितेत एक साक्षर, पूर्वी गुलाम असलेला सैनिक बोलतो. लिहिता न येणाऱ्या कैद्यांची पत्रे तो लिहून देतो. स्वतःची रोजनिशी मात्र तो एका कॉन्फेडरेट माणसाच्या वहीत, त्याच्या ओळींवर आडव्या ओळी काढून लिहितो. पान एकच, त्यावर दोन हस्ताक्षरे आणि दोन्ही वाचता येण्याजोगी: दक्षिणेच्या इतिहासाविषयी ट्रेथवे यांना जे म्हणायचे आहे, ते या प्रतिमेइतके नेमके त्यांच्या इतर कुठल्याही पुस्तकात उतरलेले नाही. ही कविता दहा सुनीतांची माळ आहे. एका सुनीताची अखेरची ओळ थोड्या बदलाने पुढच्याची पहिली ओळ होते.

संग्रहाचा पहिला भाग आईच्या मृत्यूवरील विलापिकांचा आहे. तिच्या थडग्यावर तोवर दगड बसवलेला नव्हता. मुलीकडून राहून गेलेले स्मारक आणि देशाने उभारायचे टाळलेले स्मारक अशी दोन दुःखे इथे शेजारी ठेवली आहेत. त्यांतली सार्वजनिक बाजू खाजगी बाजूला झाकून टाकत नाही, हे या पुस्तकाचे मोठे यश होय. रचनाबंधांची निवडही अर्थाला धरून आहे. एका कवितेच्या ओळी मध्यापर्यंत येऊन उलट्या क्रमाने परत जातात. आजीच्या घरासमोर कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेने जाळलेल्या क्रुसावरील कवितेत ओळी पुन्हा पुन्हा फिरून येतात, कारण ती आठवण घरात दरवर्षी सांगितली जात असे. आईवडिलांच्या बेकायदा लग्नावरची कविता तर गझल आहे: प्रत्येक शेराअखेर ‘मिसिसिपी’ हा रदीफ आणि शेवटच्या शेरात कवयित्रीचे स्वतःचे नाव. माधव जूलियन आणि सुरेश भट यांच्यामुळे गझल ज्यांच्या कानात बसली आहे, त्या मराठी वाचकाला इथे राज्याचे नाव रदीफ म्हणून किती जड होत जाते हे लगेच जाणवेल.

‘थ्रॉल’ (२०१२) वडिलांशी वाद घालणारे पुस्तक आहे. वसाहतकालीन मेक्सिकोत मिश्र संततीच्या प्रकारांना नावे देणारी जी चित्रे काढली जात, ती पाहताना आणि गुलाम बाळगणारे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन यांच्या मॉंटिसेलो येथील घरात वडिलांबरोबर हिंडताना त्या एकच प्रश्न विचारतात: मुलीवर माया करणाऱ्या, सुविद्य गोऱ्या माणसाच्या नजरेतही वंशाची उतरंड कुठवर शिल्लक असते? वडील हयात असतानाच त्यांच्यावर लिहिलेली विलापिका या संग्रहात आहे. वडिलांचे निधन २०१४ मध्ये झाले. निवडक व नव्या कवितांचा ‘मॉन्युमेंट’ हा संग्रह २०१८ मध्ये निघाला.

राजकवी म्हणून त्यांची नेमणूक २०१२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख जेम्स बिलिंग्टन यांनी केली. त्याच सुमारास मिसिसिपीचे राज्यस्तरीय राजकविपदही त्यांच्याकडे आले. २०१३ च्या आरंभी त्या वॉशिंग्टनला राहायला गेल्या आणि ग्रंथालयातील आपल्या कचेरीत सामान्य वाचकांना भेटू लागल्या. राजकविपदाच्या दुसऱ्या वर्षी ‘व्हेअर पोएट्री लिव्ह्ज’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी त्यांनी पत्रकार जेफ्री ब्राउन यांच्यासोबत प्रवास केला. ब्रुकलिनमधील स्मृतिभ्रंशाचे रुग्ण, डेट्रॉइटच्या शाळा, सिअ‍ॅटलमधील बालगुन्हेगारांचे कोठडीगृह अशा ठिकाणी कविता काय करते, हे त्यात दाखवले आहे.

अध्यापन हा त्यांच्या कारकिर्दीचा दुसरा आधार. अलाबामातील ऑबर्न विद्यापीठानंतर २००१ पासून दीड दशक त्या अटलांटातील एमरी विद्यापीठात होत्या आणि तेथील सर्जनशील लेखन विभागाच्या संचालकही झाल्या. ज्या शहरात आईचा खून झाला तिथेच त्या शिकवायला परतल्या होत्या. २०१७ पासून त्या इलिनॉयमधील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात इंग्रजीच्या प्राध्यापक आहेत. अभिलेखागारे, जुनी छायाचित्रे आणि जनगणनेचे कागद यांच्यावर त्यांच्या कविता उभ्या आहेत. कवीला संशोधन करावेच लागते ही त्यांची धारणा त्यांतून स्पष्ट दिसते.

त्यांच्या गद्यात ‘बियॉन्ड कॅटरिना’ (२०१०) हे २००५ च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या मिसिसिपी किनाऱ्यावरचे पुस्तक आहे. ‘मेमोरियल ड्राइव्ह’ (२०२०) ही आईची कहाणी. शीर्षकातला रस्ता अटलांटाहून स्टोन माउंटनकडे जातो. तेथील खडकावर कॉन्फेडरेट नेत्यांची भव्य शिल्पे कोरलेली आहेत. आईच्या अखेरच्या दिवसांतील दूरध्वनी संभाषणांची पोलिसी टिपणे आणि तिच्या स्वतःच्या हातचा मजकूर त्यांनी पुस्तकात जसाच्या तसा घातला. तीस वर्षांहून अधिक काळ टाळलेले हे लेखन आहे आणि आईचा आवाज इथे प्रथमच मुलीच्या शब्दांवाचून ऐकू येतो. आपण का लिहितो याविषयीचे ‘द हाउस ऑफ बीइंग’ हे छोटे पुस्तक २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले; त्याची सुरुवात आजीच्या गल्फपोर्टमधील घरापासून होते.